रेकॉर्ड धुतली तरी खरखर का जात नाही? आधी काय तपासायचं, मग कशाने धुवायचं

पावसाळा संपला की ही तक्रार हमखास येते. आजोबांच्या वेळच्या रेकॉर्डी कपाटातून काढल्या, लावल्या, आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त. मग कोणी त्या भांड्यांच्या साबणाने धुतलेल्या असतात, कोणी स्पिरिटने पुसलेल्या, कोणी चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळलेल्या. आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. जुनी यंत्रं आणि रेकॉर्डी मार्गी लावण्याच्या कामात हे इतक्यांदा पाहिलंय की आता रेकॉर्ड हातात घेण्याआधी दोनच गोष्टी विचारतो: आवाज नेमका कसा येतो, आणि रेकॉर्ड कशाची बनलेली आहे? कशाने धुवायचं ते या दोन उत्तरांवर ठरतं. कुठलं द्रावण भारी, हा प्रश्न नंतरचा.

लक्षणं

एकच जागा दोनदा लागोपाठ वाजवा आणि कान देऊन ऐका.

- ठरावीक अंतराने एकच "टक्" येतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या एलपीला (मोठ्या रेकॉर्डला) एक फेरा पूर्ण व्हायला १.८ सेकंद लागतात, ४५ ला साधारण १.३, आणि ७८ ला पाऊण सेकंद. टक् याच तालात पडत असेल तर तो ओरखडा आहे किंवा खाचेत, म्हणजे गाणं कोरलेल्या रेघेत, चिकटलेला कण. कण धुतल्यावर जातो, ओरखडा जात नाही.
- चटचट आवाज येतो, पण दुसऱ्यांदा वाजवल्यावर जागा बदलतात. ही स्थिर वीज. छत्रपती संभाजीनगर-नागपूरकडच्या कोरड्या थंडीत जास्त, कोकणात जवळजवळ नाहीच.
- सुरुवात स्वच्छ, पण लेबलकडे जाता जाता आवाज फाटत जातो. बहुतेक वेळा पिनेला कापसासारखा गोळा चिकटलेला असतो.
- फक्त तार सप्तकात, "स"-"श" मध्ये किंवा गायकाने आवाज लावला की फाटतं. पिन झिजली आहे, नाहीतर पूर्वी झिजलेल्या पिनेने खाच खाल्ली आहे.
- सगळ्याच रेकॉर्डींवर तीच खरखर. मग दोष रेकॉर्डींचा नाही.
- गाणं नसतानाही सलग "घूं", आणि आर्म (पिन बसवलेला लांब दांडा) किंवा धातूच्या भागाला हात लावला की कमी-जास्त होतं. अर्थिंगची वायर सुटलेली आहे. याचा धुण्याशी काडीचा संबंध नाही.
- पांढरे ठिपके, जाळीदार डाग, कव्हरला कोंदट वास. बुरशी.
- पृष्ठभागावर दुधाळ झाक आणि सलग "श्श्श". याबद्दल खाली, कारण याची बातमी चांगली नाही.

फुकटातली पहिली तपासणी: रेकॉर्ड कशाची आहे?

हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. मराठी घरांतल्या गठ्ठ्यात दोन प्रकार मिसळलेले असतात. नाट्यसंगीताच्या आणि जुन्या भावगीतांच्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या आहेत. नंतरच्या एलपी आणि सात इंची ईपी (छोट्या रेकॉर्डी) व्हिनाइलच्या, म्हणजे एका प्लॅस्टिकच्या. एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आली, तरी आपल्याकडे ७८ साठच्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे "गाणं काही फार जुनं नाही, म्हणजे व्हिनाइलच असणार" हा अंदाज धोक्याचा. लेबलवर ७८ लिहिलंय का बघा. लाखेची तबकडी जड आणि ताठ असते, नखाने टिचकी मारली तर कपबशीसारखी वाजते. व्हिनाइल किंचित लवतं.

फरक एवढा महत्त्वाचा का? लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये घोळवून पॉलिश करतो ते याच्याच जोरावर. म्हणजे ७८ वर स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सॅनिटायझर लावणं म्हणजे गाणंच पुसून काढणं. फडक्यावर काळा रंग आला की लोकांना वाटतं मळ निघतोय. तो मळ नसतो.

तिसरा प्रकार क्वचित सापडतो, पण सापडला तर तिथेच थांबा. आकाशवाणीशी किंवा खासगी ध्वनिमुद्रणाशी संबंध असलेल्या घरांत हाताने लिहिलेल्या लेबलच्या तबकड्या निघतात. मधल्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियम चमकताना दिसतं, कधी मधल्या भोकाशेजारी आणखी एखादं भोक असतं. ही लॅकरची तबकडी. ॲल्युमिनियमवर लॅकरचा पातळ थर असतो आणि ध्वनिमुद्रण त्या थरावर कोरलेलं असतं. थर म्हातारा झाला की त्यातलं एरंडेल तेल विघटित होऊन वर पांढरी भुकटी येते. ती बुरशी समजून लोक ओल्या फडक्याने पुसतात आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. अशा तबकडीची बहुधा दुसरी प्रत जगात कुठेच नसते. ती वाजवू नका, धुऊ नका, उभी करून ठेवा.

दुसरी: पिन

दहातल्या निम्म्या "घाणेरड्या रेकॉर्डी" इथेच बऱ्या होतात, म्हणून पाण्याच्या आधी पिन.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पिनेचं टोक बघा. भुसकट दिसलं तर मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, झटका. आडवा हात मारू नका, पिनेची दांडी वाकते. टोकावर घट्ट काळा थर बसला असेल तर भिंती पुसायच्या पांढऱ्या मेलामाइन स्पंजचा छोटा तुकडा रेकॉर्ड ठेवतो त्या गादीवर ठेवा, मोटर बंद, आणि पिन त्यावर सरळ खाली टेकवून सरळ वर उचला. ओढायची नाही.

आता आकार. एलपीची पिन टोकाला साधारण १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ७८ ची सुमारे ७५. एलपीच्या पिनेने ७८ लावली तर ती खाचेच्या तळाशी, जिथे सगळा कचरा साचलेला असतो, तिथे घरंगळत जाते. कितीही धुवा, खरखर राहणारच. जुन्या रेकॉर्ड प्लेयरच्या पेट्यांमध्ये आर्मच्या टोकाला एक छोटा खटका असतो, फिरवला की पिन उलटते: एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. तो चुकीच्या बाजूला राहिलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय.

वयही विचारा. जुन्या पेट्यांतली नीलम पिन पन्नासेक तास टिकते, हिऱ्याची पाचशे ते हजार. "बाबांनी पंच्याऐंशी साली बदलली होती" असं उत्तर आलं तर आधी नवी पिन घ्या. झिजलेली पिन धुतलेल्या रेकॉर्डचं जास्त नुकसान करते, कारण मळ निघाल्यावर तिच्या कडा थेट खाचेच्या भिंतींवर चालतात. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर दर बाजूला नवी लागते. आणि त्या ग्रामोफोनवर एलपी लावायची नाही, एकदाही नाही. शंभर ग्रॅमहून जास्त भार येतो.

भारावरून आठवलं, नाण्याचा उपाय. पिन उड्या मारते म्हणून आर्मवर रुपया ठेवण्याची आपल्याकडे पिढीजात पद्धत आहे. हल्लीचा एक रुपया तीन ग्रॅमहून जास्त भरतो. नव्या टर्नटेबलच्या (रेकॉर्ड प्लेयरच्या) कार्ट्रिजला, म्हणजे आर्मच्या टोकाला पिन बसते त्या भागाला, दोन ग्रॅमच्या आसपास भार लागतो, म्हणजे तुम्ही तो दुपटीहून जास्त केलात. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या छोट्या डिजिटल वजनकाट्यावर पिन टेकवून भार मोजा आणि कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी जुळवा.

तिसरी: कोरडा ब्रश

रेकॉर्ड फिरत असताना कार्बन फायबरचा ब्रश खाचांच्या दिशेने हलकाच टेकवा, दोन-तीन फेरे होऊ द्या, आणि ब्रश बाहेरच्या कडेकडे काढून घ्या. धूळ आणि स्थिर वीज दोन्ही जातात. एवढ्यानेच आवाज साफ झाला तर पुढचं वाचायची गरज नाही. उगाच धुतलेली रेकॉर्ड न धुतलेल्या रेकॉर्डपेक्षा वाईट वाजू शकते.

शर्टाच्या बाहीने पुसू नका. मखमलीचं जुनं फडकं कोरडं असेल तर चालेल, पण त्यावर वर्षानुवर्षांची वाळू असते.

चौथी: व्हिनाइल धुणं

लागतं ते असं. डिस्टिल्ड वॉटर, केमिकलच्या दुकानात मिळतं. बॅटरीत घालायचं पाणी म्हणून जे मिळतं तेही डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) असेल तर चालतं, फक्त बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना ते दोनदा वाचा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तसाच थर पाणी वाळल्यावर खाचेत बसतो, आणि पिनेला तो दगडच. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच.

लिटरभर पाण्यात रंग-वास नसलेल्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. थेंब म्हणजे थेंबच. साबण मळ काढतो त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पाण्याला खाचेत उतरू देतो. नुसतं पाणी व्हिनाइलवर मणी होऊन वरच राहतं. बोटांचे तेलकट ठसे किंवा तळणाचा चिकटा असेल तर शंभर मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच, ९९ टक्क्यांचं. दहा टक्क्यांच्या वर जाण्याची गरज मला कधी पडलेली नाही. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ बसू नका. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते खाचेत राहतं. रंगीत स्पिरिट नको. काच पुसायचे स्प्रे नकोत. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या सात इंची रेकॉर्डी असतील तर अल्कोहोल पूर्ण वगळा, तिकडच्या बऱ्याच सात इंची रेकॉर्डी पॉलिस्टायरिन या वेगळ्या प्लॅस्टिकच्या असत.

पद्धत: टेबलावर स्वच्छ टॉवेल, त्यावर रेकॉर्ड. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून डब्याचं गोल झाकण दाबून धरा. द्रावण शिंपडा, दोन मिनिटं थांबा. हे थांबणं कोणी करत नाही, पण वाळलेला मळ भिजल्याशिवाय सुटत नाही आणि न सुटलेला मळ घासला की ओरखडे उठतात. मग अगदी मऊ ब्रशने, गोल, खाचांच्या दिशेने फिरवा. आडवं घासायचं नाही. आता फडक्याने ते पाणी टिपून घ्या आणि लगेच दुसऱ्या, स्वच्छ फडक्याने नुसतं डिस्टिल्ड वॉटर लावून पुन्हा टिपा. हे दुसरं पाणी टाळू नका. लोकांकडून "धुतल्यावर खरखर वाढली" असं येतं तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं: मळ सुटला, पाण्यात मिसळला, आणि तिथेच वाळून पुन्हा खाचेत बसला, साबणासकट.

वाळवायला भांड्यांच्या रॅकमध्ये उभी ठेवा, पंखा बंद. उन्हात नाही. आपल्याला पापडापासून गादीपर्यंत सगळं ऊन दाखवायची सवय, पण वैशाखातल्या गच्चीवर व्हिनाइल ताटलीसारखं वाकतं आणि पुन्हा सरळ होत नाही.

फेविकॉल ओतून, वाळल्यावर साल काढण्याचा प्रयोग व्हिडिओंत दिसतो. व्हिनाइलवर तो कधी कधी खरंच चालतो. पण थर कुठे पातळ पडला तर तिथे फाटतो आणि उरलेला तुकडा काढता काढता जीव जातो. मी सुचवत नाही. ७८ वर तर नकोच.

७८ असेल तर

तेच डिस्टिल्ड पाणी, तोच एखादा थेंब साबण, अल्कोहोल शून्य. अमोनिया असलेलं काहीही नको. भिजत ठेवायचं नाही. ओलसर ब्रश, लगेच टिपणं, लगेच दुसरं पाणी, लगेच कोरडं. एका बाजूला दोन मिनिटांच्या वर वेळ लागता कामा नये. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते आणि पाणी मुरलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो. कडेला तडा असेल किंवा थर उकललेला दिसत असेल तर पाणी लावूच नका. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगतो.

आणि अपेक्षा माफक ठेवा. ती दगडाची पूड मुद्दाम घातलेली होती, पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. ७८ ची थोडी सरसर तिच्या जातीतच आहे. जुन्या बाजारातून आणलेल्या तबकडीवरचा राखाडी पट्टा मळ नसतो, तिथे सुया चालून चालून खाच संपलेली असते. उजेडात तिरकी धरून बघा: मळ असेल तर ठिपक्यांनी आणि डागांनी दिसतो, झीज असेल तर मोठ्या आवाजाच्या जागी सलग फिकट पट्टा दिसतो.

पाचवी: बुरशी

मास्क लावा, बाल्कनीत जा. घरात दम्याचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. कोरड्या मऊ ब्रशने वरचा बुरा झटका, तो ब्रश वेगळा ठेवा, मग वरीलप्रमाणे धुवा. व्हिनाइल असेल तर दोनदा. बुरशी "मारायला" जोरकस औषध शोधू नका. ती खाचेतून निघाली पाहिजे आणि परत वाढता कामा नये, एवढंच काम आहे. बरेचदा ती व्हिनाइल खात नसते. कागद, धूळ आणि बोटांचं तेल यावर ती जगते. लाखेच्या तबकडीवर मात्र ती मुरते आणि धुतल्यावरही डागाच्या जागी आवाज राहतो.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या आतल्या कागदात परत घालू नका. दर पावसाळ्यानंतर खरखर परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. तो कागद बीजाणूंनी भरलेला असतो. टाकून द्या आणि पॉलिथिनचं अस्तर असलेलं नवं पाकीट घ्या. बाहेरचं मूळ कव्हर, त्यावरची चित्रं आणि मजकूर जपायचा असेल तर ते कोरड्या ब्रशने साफ करा आणि रेकॉर्डपासून वेगळं ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळणं नको.

आणि आता ती दुधाळ झाक. पुस्तकांना घालतो तसलं जाड, मऊ, वास येणारं प्लॅस्टिक एकेकाळी रेकॉर्डींनाही घातलं जायचं. ते पीव्हीसी. त्यातलं मऊपणा देणारं रसायन वर्षानुवर्षांत रेकॉर्डमध्ये उतरतं आणि पृष्ठभाग खराब करतं. सलग "श्श्श" येतं. हे धुण्याने जात नाही, कोणत्याही यंत्राने जात नाही. उरलेल्या रेकॉर्डी वाचवायच्या असतील तर आज संध्याकाळीच ती कव्हरं काढा.

साठवण

आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. कपाटात ठेवा. पन्नास टक्क्यांच्या आसपास उत्तम, पासष्ट टक्क्यांच्या वर सतत राहिलं तर बुरशी येणार म्हणून समजा. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर ती मर्यादा रोजच ओलांडली जाते, त्यामुळे बंद खोक्यात सिलिका जेल ठेवा आणि ते दर काही आठवड्यांनी तापवून पुन्हा कोरडं करा, नाहीतर ते नुसतं शोभेला. कपाट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला लावू नका. माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नका. एकावर एक आडव्या रचू नका. उभ्या, सरळ, एकमेकींना टेकतील पण दाबणार नाहीत अशा. डांबरगोळ्या मी ठेवत नाही, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते.

यंत्र घ्यावं का?

पन्नास-साठ रेकॉर्डींसाठी नाही. त्याच्यावर असतील तर व्हॅक्यूमचं यंत्र सोयीचं, कारण ते मळकट पाणी वाळायच्या आत ओढून घेतं, म्हणजे हाताने जे अर्धवट जमतं ते पूर्ण होतं. अल्ट्रासॉनिक टाकी (पाण्यातल्या ध्वनिलहरींनी मळ सुटवणारी) खोलवरचा मळ काढते, पण चष्म्याच्या दुकानातल्या छोट्या टाकीत बारा इंची रेकॉर्ड बसत नाही. मोठी टाकी आणि रेकॉर्ड हळू फिरवणारी मोटर लागते, पाणी ३५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं, आणि टाकीतून काढल्यावर तेच दुसरं पाणी लागतंच. ७८ टाकीत घालू नका.

कुठे थांबायचं

दोनदा नीट धुऊन, नव्या पिनेने लावूनही त्याच जागी तोच आवाज येत असेल तर तिसऱ्यांदा धुऊ नका. तो ओरखडा किंवा झीज आहे. ते गाणं इतरत्र मिळत असेल तर दुसरी प्रत शोधणं स्वस्त पडतं. मिळत नसेल तर जाणकाराकडून एकदा डिजिटल करून घ्या. चांगला माणूस झिजलेल्या खाचेसाठी वेगळ्या मापाची पिन वापरून, खाचेच्या न झिजलेल्या उंचीवर ती चालवू शकतो. हे घरी जमण्यासारखं नाही.

लॅकरची तबकडी, थर उकललेली किंवा फुगलेली ७८, घरातल्या माणसाचा आवाज असलेली एकमेव प्रत, पुराच्या पाण्यात गेलेला गठ्ठा: यांना घरगुती उपाय नाहीत. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संग्राहकांच्या वर्तुळात विचारा, किंवा ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थेच्या जतन विभागाला फोटो पाठवून सल्ला घ्या. "सगळ्यावर एकच लिक्विड चालतं" असं सांगणाऱ्याकडे ७८ देऊ नका. आर्मच्या आतली वायर तुटली असेल, एका बाजूच्या स्पीकरचा आवाज बंद पडला असेल, किंवा पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. जुन्या पेट्यांमध्ये मेनचा करंट उघड्या जोडांवर असतो.

७८ चा तुकडा पडला तर फेवीक्विक लावू नका. बारीक कपच्यांसकट सगळे तुकडे गोळा करा, प्रत्येक वेगळ्या कागदात ठेवा, कडा एकमेकींना घासू देऊ नका. खाच खाचेला जुळवून ते तात्पुरते बसवता येतात आणि एकदा वाजवून ध्वनिमुद्रण वाचवता येतं, पण कडांवर गोंद लागलेला असेल तर नाही.